पुलावर मागे फिरवलेलं पायडल

फोरबर्ग, १४ जानेवारी

प्रिय मंजू,

तू बरी आहेस आणि चंद्रहासरावांचा खोकला थांबला आहे, असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. इथल्या घरांच्या भिंती पातळ; खाली बोललेलं वर ऐकू जातं. शिवाय फोनवर तू मध्येच हसतेस आणि मी मुद्दा विसरते.

मी मजेत आहे. श्रेयस आणि आसावरी ऑफिसला, इरावती शाळेत. सकाळी सगळे निघून गेले की घरात मी आणि हीटरची घरघर. गुडघा जरा धरलाय, थंडीमुळे. बाकी काही नाही.

तुला इथल्या, हॉलंडमधल्या सायकलींबद्दल सांगायचंय. आमच्या भागातल्या रहिवाशांनी मिळून काही सायकली ठेवल्यात. ग्रंथालयाचं कार्ड टेकवलं की कुलूप सुटतं. फिरून या, परत लावून टाका. मी इथे पाहुणी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, पण नातीच्या आग्रहाने माझंही कार्ड निघालं. मंजू, गेले कित्येक आठवडे मी रोज सायकलवर आहे! पुण्यात मला रस्ता ओलांडायचा तर शेजारची मुलगी हात धरते. मधू गेल्यापासून तर मी एकटी कुठे गेलेच नाही, कोणी ना कोणी सोडायला आणि आणायला. इथे कालव्याच्या कडेने जाते, पवनचक्कीशी थांबते, बाजारात फुलकोबी घेते. कुठे गेले होते, हे कोणी विचारत नाही. कधी वाटतं विचारावं, कधी वाटतं नको.

आणि इथली माणसं! सायकल चालवता चालवता सफरचंद खातात. परवा एका बाईने मागे शिडी बांधून नेली. रात्री गोठणार असेल तर बर्फ धरू नये म्हणून नगरपालिकेची गाडी सायकलच्या वाटेवर मीठ टाकून जाते. आपण भातात टाकतो तेवढ्या सहजपणे.

पण आता वाद उभा राहिलाय. या सायकली हिवाळ्यात बंद ठेवायच्या का? मार्च उजाडेपर्यंत? मंगळवारी ग्रंथालयात सभा आहे. व्यवस्था पाहणाऱ्या मारयोलाइनबाईंचं म्हणणं, बंद करा. स्वतःची सायकल असली तर ज्याने त्याने पाहावं. पण आपण सायकल हातात देतो म्हणजे त्या माणसाला बर्फावर आपण बोलावतो. आमच्या समोर राहणारे डर्क नावाचे उंच आजोबा म्हणतात, मग ज्यांच्याकडे स्वतःची सायकल नाही, त्यांनी हिवाळाभर काय घरात बसायचं? बेकरीत काम करणारी एक बाई ट्रॅम सुरू व्हायच्या आधी याच सायकलने जाते. तिने काय करायचं?

मला दोघांचंही पटतं. आपल्याकडे असला प्रश्न पडला असता तर कोणी तरी एकाने ठरवून पाटी लावली असती. इथे सगळे कोट घालून सभेला जाणार, हे मला फार नवलाचं वाटतं.

वाद निघाला कशावरून, ते सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या उतारावर कोणी एक बाई पडली. कुत्रं फिरवणाऱ्या माणसाने लांबून पाहिलं. वयस्कर होती, परदेशी वाटली. तो पोचेपर्यंत ती उठली, सायकल जागेवर लावली आणि निघून गेली. आता स्टँडवर कागद लावलाय: ‘बुधवारी पडलेल्या बाई, तुम्ही ठीक आहात ना?’ मोबाइल धरून मी त्याचं भाषांतर वाचलं आणि तिथेच उभी राहिले.

कार्डावरून ती कोण हे त्यांना एका मिनिटात कळेल. पण मारयोलाइनबाई म्हणाल्या, ‘आम्ही पाहणार नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.’

मंजू, ती बाई मी.

आणि मी बर्फामुळे पडलेच नाही, निदान नुसत्या बर्फामुळे नाही. इथल्या सायकलला ब्रेक पायात असतो. पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. इरावतीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, थांबताना हळूच दाबायचं; एरवी “आजी, नेव्हर बॅकवर्ड्स! ओके?” आणि मी ते सांभाळलंही होतं. पण त्या सकाळी कालवा गोठलेला, झाडं पांढरी, पुलावर चिटपाखरू नाही. उतार लागला आणि माझे पाय आपोआप उलटे फिरले. आठवतं ना, शाळेपुढच्या उतारावर आपण दोघी पायडल मागे फिरवायचो, तो किर्रर्र आवाज ऐकायला? आणि सिस्टर बेनेडिक्टा फाटकातून ओरडायच्या, “गर्ल्स! अ सायकल इज नॉट अ म्युझिकल इन्स्ट्रुमेंट!”

आवाज आला नाही. चाक अडकलं, आणि मी आडवी.

श्रेयसला मी वचन दिलं होतं की पारा शून्याखाली गेला तर सायकल काढणार नाही. त्याला कळलं तर उरलेले आठवडे मी या खिडकीत. आणि मी गप्प राहिले तर माझ्या एका पडण्यापायी त्या बेकरीतल्या बाईची सायकल जाईल. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? बाकी कोणाला सांगितलं तर आधी विचारतील, पण पायडल उलटं फिरवलंच कशाला?

सभा मंगळवारी. श्रेयस येणार आहे, मला डच कळत नाही म्हणून भाषांतर करायला.

तुझी, अजून काही न ठरवलेली,
शुभा


फोरबर्ग, २२ जानेवारी

प्रिय मंजू,

पहिलं पत्र तुला पोचलंही नसेल, तरी हे लिहिते. दोन्ही एकदम मिळाली तर तारीख पाहून वाच. तुझी सवय मला माहीत आहे, तू शेवटापासून सुरू करतेस.

ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. बुटक्या खुर्च्या, आणि त्यांवर ही ताडमाड माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली. मारयोलाइनबाईंनी विषय मांडला. श्रेयस माझ्या कानाशी भाषांतर करत होता. “आई, त्या म्हणतायत, त्या पडलेल्या बाईचं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, आणि तेच त्यांना झोपू देत नाही.”

मग मला बसवेना. मी उभी राहिले. डच येत नाही, म्हणून आपल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, हात मागे बांधून, जशा आपण कविता म्हणायला उभ्या राहायचो तशी. म्हणाले, “आय ॲम द लेडी. आय ॲम ऑल राइट. प्लीज स्लीप.”

श्रेयसचं भाषांतर थांबलं.

मग मी पायडलचं सांगितलं. डर्कआजोबा पुढे झुकले. “पण उलटं का?”

“आवाजासाठी.”

“कुठला आवाज?”

मंजू, मी काढून दाखवला. किर्रर्र. पन्नासेक माणसांसमोर, या वयात! एकदम हशा पिकला. मारयोलाइनबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

डर्कआजोबा मात्र हसू आवरून म्हणाले, “कोरड्या रस्त्यावर तुम्ही नुसत्या अडखळला असता. बर्फाचाही वाटा आहे.” माझा बचाव करायचा म्हणून ते खोटं बोलले नाहीत, हे मला आवडलं. खूप बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: अख्खा हिवाळा बंद नाही. डर्कआजोबा रोज पहाटे पुलावरून चालून येतील. निसरडं असेल तर त्या दिवसापुरती कुलपं सुटणार नाहीत. बेकरीतल्या बाईला तसं आधी फोनवर कळवायचं; त्या दिवशी मारयोलाइनबाई तिला गाडीने सोडतील. आणि नवख्या माणसासाठी हँडलवर ब्रेकचं चित्र लावायचं.

परतताना श्रेयस माझ्यापुढे दोन पावलं चालत होता. दारात किल्ली शोधताना म्हणाला, “गुडघा थंडीने धरला म्हणालीस.”

“थंडी होतीच.”

“आई!”

“तुला सांगितलं असतं तर तू सायकल बंद केली असतीस.”

“केली असती. आत्ताही करावीशी वाटतेय.” किल्ली हातातच होती, तरी तो खिशात शोधत होता. “तू पडलीस त्याचं नाही गं. लंगडत घरी आलीस आणि आमच्यासाठी उपमा केलास. मी दोनदा मागून घेतला. बाबांच्या वेळीही तुम्ही दोघांनी मला शेवटपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगितलं होतंत.”

मधूने आपल्या दुखण्याचं सांगू नको म्हटलं होतं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. मुलगा लांब आहे, घाबरेल. आता मी त्याच्या दारात उभी होते आणि तो घाबरलेलाच होता.

मी म्हटलं, “यापुढे सगळं सांगेन. पण तूही त्या सायकलींना वागवतात तसं मला वागव. अख्खा हिवाळा बंद करू नकोस. ज्या दिवसाचं त्या दिवशी बघू.”

“म्हणजे रोज डर्कना विचारू?”

“डर्कना कशाला? मला विचार.”

तो हसला नाही. दार उघडलं, माझा कोट खुंटीला लावला आणि इरावतीला हाक मारून म्हणाला, “आजीच्या गुडघ्याला लावायचं मलम आण.” ती आणता आणता म्हणाली, “आजी, आय टोल्ड यू. नेव्हर बॅकवर्ड्स.”

आज सकाळी ऑफिसला निघताना श्रेयस बूट घालून दाराशी थांबला. “आई, आज काय?”

मी खिडकीपाशी गेले. समोरच्या गाडीची काच पांढरी होती. गुडघ्याच्या ठणक्याचा अंदाज घेतला. मंजू, खरं सांगते, जावंसं फार वाटत होतं, आणि मी जाते म्हटलं असतं तर त्याने अडवलं नसतं. तो खरोखर उत्तराची वाट पाहत होता.

“आज बंद,” मी म्हटलं.

तो “बरं” म्हणाला आणि गेला.

उद्या हवा पाहून निघणारी, नाहीतर परवा,
तुझी शुभा