पूजेचा दोरा आणि तुझं करवतीचं मशीन

कोरेगाव

ती. बाळासोदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, सुहासिनीचा, नमस्कार घे आणि वहिनींनाही पोचव. गुडघे काय म्हणतात? वहिनींनी मीठ खरंच कमी केलंय, का फक्त डॉक्टरांना तसं सांगितलंय? इस्लामपूरकडं उसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्यात अडकून पडशील, तेव्हा त्याआधीच इकडं येऊन जा. फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन उचलला की हे माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि माझी वाक्यं स्वतःच पुरी करतात, म्हणून पत्र. काम एवढंच, की लाकडाची वखार बंद करताना तू यांना दिलेलं ते हातात धरून चालवायचं गोल करवतीचं मशीन परत घेऊन जा. मला त्याची फार भीती वाटते. (हे वाक्य ठळक लिही, असं यांनी सुचवलं. लिहिलं.)

तुझे दाजी तुला ठाऊकच आहेत. फौजेतून हवालदार होऊन घरी आले तेव्हापासून दिवसाचं काय करायचं, हा यांना मोठाच पेच. मशीन आलं आणि माणूस एकदम ताजातवाना झाला. सकाळी दाढी करून, शर्ट खोचून मशीनपुढं उभे. पहिले काही दिवस नुसती भाषणंच झाली. पात्याजवळ हात न्यायचा तर आधी वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही; पदर, बांगड्या, ओढणी यातलं काही आसपास नको; आणि मी उंबऱ्याच्या आत उभं राहायचं. मी राहिले. पण उंबऱ्यातूनही डोळ्यांना दिसतंच की. दादा, एक विचारते. त्या पात्याचे दात खालून वर येताना लाकूड कापतात ना? कारण फळीच्या वरच्या अंगाला कुसळं निघतात आणि खालचं अंग छान राहतं. मी यांना म्हटलं, मग चांगली बाजू खाली घ्या. तर म्हणाले, चांगली गोष्ट माणसानं नेहमी वर ठेवावी. हे फौजी उत्तर. आणि बटण सोडलं तरी पातं एवढा वेळ का फिरत राहतं? आपला मिक्सर तर लगेच गप्प होतो. (मी दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघा म्हटलं, ते यांनी मनावर घेतलं नाही.)

तर मग आली खंडेनवमी. घरातली हत्यारं पाटावर मांडली: विळी, कोयता, यांचा जुना पाना आणि मधोमध नवरदेवासारखं तुझं मशीन. आता पात्याच्या खालच्या अंगाला तो सरकता पत्रा असतो, ज्याला तू गार्ड म्हणतोस. पातं फळीत शिरताना हा पत्रा मागं जातो, ते बाहेर आलं की स्प्रिंगनं परत त्याला झाकतो. कुंकू लावायला हे बसले आणि पातं झाकलेलं बघून यांना ते पटेना. "देवाचं तोंड झाकून कुणी पूजा करतं व्हय?" असं म्हणून यांनी पत्रा मागं ओढला, लाल दोऱ्यानं चांगले वेढे देऊन बांधला आणि एकेका दाताला कुंकू लावलं. वर झेंडूची माळ. दिसत होतं लय देखणं, खोटं कशाला बोलू. दसऱ्यानंतर माळ निर्माल्यात गेली. दोरा मात्र तसाच राहिला, कारण पूजेचा दोरा आपण कापायचा नसतो, तो आपला आपण तुटायचा असतो. गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला असा दोरा असतो आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, त्यामुळं मलाही तेव्हा काही सुचलं नाही.

सोमवारी यांनी डब्यांच्या मांडणीसाठी फळी कापायला काढली. फळीची दोन टोकं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आणि मधोमध करवत. अर्धी कापून होते न होते तोच फळी मध्ये वाकली, चीर मिटली आणि पातं आत आवळलं गेलं. मशीन यांच्या अंगावर उसळून हातातून सुटलं ते थेट फरशीवर. बटण सुटलेलं, पण पातं फिरतंय, आणि त्यावर झाकायला येणारा पत्रा दोऱ्यानं बांधलेला. ते फरशीवर दातांनीच चालत सुटलं, एका खुर्चीचा पाय खाल्ला आणि यांच्या उजव्या वहाणेवर जाऊन थांबलं. वहाणेचं पुढचं चामडं गेलं, अंगठा राहिला. आधी मी वायर ओढून काढली आणि मग खाली बसून यांची बोटं पुन्हापुन्हा मोजली, आणि रडले. यांना चहा दिला तो तसाच गार झाला. दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आले, की आमच्या हिला मशीनची दहशत बसलीय, बिचारी झोपत नाही, आता ते परत धाडावं लागणार.

तर असं आहे. लवकर ये आणि मशीन घेऊन जा. वहिनींना नमस्कार लिहून पत्र आवरते.

तुझी,
सुहासिनी

ता. क. – वरचं सगळं यांनी वाचलं, "ठीक लिहिलंयस" म्हणाले आणि पोस्टातून पाकीट आणायला गेले. तेवढ्यात मागच्या बाजूला खरं लिहिते. मशीन न्यायला येऊ नकोस. झोपत नाहीत ते हे. मी चांगली घोरते. परवा दुपारी मी हात जोडून क्षमा मागितली आणि विळीनं तो दोरा कापला. वायर आधी काढली होती. पात्यावरचा लाकडाचा चीक आणि कुंकू पुसून काढलं, आता पत्रा खटकन मिटतो. चालवलं मात्र नाही, कारण चीर मिटू नये म्हणून फळीला टेकू कुठं द्यायचा आणि पातं किती खोल ठेवायचं, हे मला नीट कळलेलं नाही. कळून घ्यायचंय. दादा, आयुष्यभर ओवाळणीत तू साड्या दिल्यास, कपाटाचं दार लागत नाही. या भाऊबीजेला साडी नको. भुसा डोळ्यांत उडू नये म्हणून वखारीत लावायचास तो तुझा जाड चष्मा घेऊन ये आणि दोन दिवस माझ्या शेजारी उभं राहून मला हे शिकव. मला ती मांडणी माझ्या हातानं करायची आहे.

ता. क. २ – यांना मात्र सांग, की मशीनची तपासणी करायला आलोय. माणूस मनानं लय हळवा आहे.

ता. क. ३ – बाळासो, पाकीट बंद करण्याआधी पत्र दोन्ही बाजूंनी वाचायची मला फौजेतली सवय आहे. चष्मे दोन आणावेत. फळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल. हिला यातलं काही कळवू नये. – लालासाहेब