एका रविवारआड बर्गर

८ जून, रविवार. दुपारी तीन.

भेट उत्तम झाली. निकिता अगदी मोकळेपणाने वागली. बऱ्याच वेळा बोलली. फोनमध्ये डोकं होतं, पण हल्ली मुलं ऐकताना फोनकडेच बघतात, असं कुठेतरी वाचलंय.

घटस्फोटाच्या वेळी ठरलं होतं की मुलीला एका रविवारआड भेटायचं. दोन तास. घरी नाही, बाहेर कुठेतरी. ही अट पल्लवीची. पण नीट विचार केला तर मूळ कल्पना माझीच असावी. नाशिकच्या सिडकोतल्या या एका खोलीत पोरीला बसवणार तरी कुठे.

आज तिला विचारलं, पुढच्या वेळी कुठे जायचं? म्हणाली, “कुठेही. बर्गर वगैरे.”

म्हणजे बर्गरची जबरदस्त आवड आहे! इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. आमच्यात प्रेम भरपूर आहे. विषय तेवढा नव्हता. तो आज मिळाला.

संकल्प १: जगातल्या दोन मोठ्या बर्गरवाल्यांचा, मॅकडोनाल्ड्स आणि बर्गर किंग यांचा, तौलनिक अभ्यास करायचा. इतिहास, चव, बसायची सोय, सगळं. निकिताला आठवीच्या प्रोजेक्टलाही उपयोगी पडेल. पुढेमागे पुस्तक.

संकल्प २: पल्लवीविषयी या डायरीत एक शब्द लिहायचा नाही.

१० जून, मंगळवार.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत बर्गरवर एकही पुस्तक नाही. मी तिथे वीस वर्षं ग्रंथपाल असून ही अवस्था. ‘बेकरी उद्योग’ नावाचं एक सापडलं, त्यात पावापर्यंतच माहिती आहे. प्राचार्यांकडे मागणी नोंदवली. त्यांनी मागणी दोनदा वाचली आणि तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. म्हणालो, उत्तम.

बाकी इंटरनेटवर.

१५ जून, रविवार.

आज भेटीचा रविवार नाही. अभ्यास जोरात.

मॅकडोनाल्ड हे दोन सख्खे भाऊ. १९४० साली कॅलिफोर्नियात दुकान टाकलं. छान चालू असताना १९४८ मध्ये चक्क बंद ठेवलं. मेनूतले बहुतेक पदार्थ काढून टाकले, टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघर आखलं आणि कोण कुठे उभा राहील, कसा वळेल याची पोरांकडून तालीम करून घेतली. मग मिल्कशेकची मशिनं विकणारा एक सेल्समन आला. त्याने त्यांचं दुकान देशभर नेलं आणि शेवटी सगळा धंदा विकत घेतला. आला तेव्हा त्याचं वय बावन्न. मी सेहेचाळीस. म्हणजे माझ्या हातात अजून पुष्कळ वेळ आहे. हे वाचून फार हुरूप आला.

चांदवडहून अक्काचा फोन. बर्गरचं सांगितलं. म्हणाली, “आरं, पोरीला हिकडं घेऊन ये ना. बाजरीची भाकर करते. तिला लय आवडायची.” अक्काला संशोधन म्हणजे काय ते समजावणं अवघड आहे.

२२ जून, रविवार.

आज मॅकडोनाल्ड्स, मॉलमधलं. दोन आलू टिक्की बर्गर, फ्राइज, कोल्ड्रिंक. टिक्की म्हणजे आपला बटाटेवडाच, पण शिस्तीत वाढलेला. कंपनी १९९६ मध्ये भारतात आली तेव्हा माणसांचं ऐकून मेनू बदलला, हा मुद्दा मी निकिताला खुलवून सांगितला. टेनिस कोर्टाची गोष्ट तर टेबलावर टोमॅटो सॉसने आखून दाखवली. ती म्हणाली, “हो.” नंतर म्हणाली, “पप्पा, बाहीला सॉस लागलाय.” निरीक्षणशक्ती जबरदस्त. माझ्यावर गेली आहे.

बर्गर तिने अर्धाच खाल्ला. उरलेला मी संपवला. वजन कमी करण्याचा संकल्प आहे, पण अभ्यासात अर्धवटपणा चालत नाही.

तिला न्यायला पल्लवी नेहमीसारखी स्कूटरवर आली नव्हती. गाडी होती. चालवायला सोमनाथ म्हणून तिच्या बँकेतले कोणी. पेट्रोल वाचवायला हल्ली लोक एकाच गाडीतून जातात. चांगली सवय.

(संकल्प २ मोडला. पण ही नोंद वाहतुकीविषयी आहे.)

६ जुलै, रविवार.

बर्गर किंग. आजचा दिवस संस्मरणीय!

इथला बन मोठा, भाजल्याचा वास चांगला. बर्गरचं नाव व्हॉपर. १९५७ पासूनचा. यांचीही मूळ गोष्ट दोघांचीच. १९५३ मध्ये फ्लोरिडात दोन नातेवाइकांनी सुरू केलं, पुढे अडचणीत आले आणि मायामीच्या दुसऱ्याच दोघांनी ते घेतलं. म्हणजे दोन्हीकडे सुरू करणारे बाजूला पडले आणि चालवणारे वेगळे. हा माझा स्वतंत्र निष्कर्ष. पुस्तकात ठळक अक्षरात.

टेबलावर कागदी मुकुट होते. मी घातला. मुकुट घालून इतिहास सांगितला. मजा यावी म्हणून आवाज थोडा राजासारखा केला. निकिताला इतकं हसू आलं की तिने तोंड ओंजळीत झाकून घेतलं. पलीकडच्या टेबलावर तिच्या वर्गातली स्नेहा आईबाबांबरोबर बसली होती. तिलाही हात केला. निकिता हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, काढा ना ते. प्लीज.” तिला वाटलं असेल, मला डोक्यावर टोचतोय. फार काळजी करते.

गाडीत बसताना ती डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आलं असणार.

१९ जुलै, शनिवार.

पल्लवीचा मेसेज. निकिताचा उद्या ज्यादा क्लास आहे, येणार नाही. शिक्षणाला माझा पहिल्यापासून पाठिंबा. ‘ओके’ पाठवलं. नंतर अंगठा पाठवला. नंतर वाटलं अंगठा जरा कोरडा होतो, म्हणून हसरा चेहरा.

२० जुलै, रविवार.

तरी गेलो. अभ्यासात खंड नको. सवयीने दोघांचं मागवलं. एक कुटुंब उभं होतं, त्यातले आजोबा येऊन म्हणाले, “समोरची खुर्ची घेऊ का? कोणी येणारे का?”

म्हणालो, येतेय.

मग ते उभेच राहिले. फार अवघडल्यासारखं झालं. शेवटी मीच उठलो. दुसरा बर्गर पार्सल केला. घरी येईपर्यंत गार झाला. गार बर्गरच्या चवीची नोंद अभ्यासात घ्यायची राहिली. खाल्लाच नाही.

३ ऑगस्ट, रविवार. फ्रेंडशिप डे.

निकिता आली! बरोबर स्नेहाला आणलं. माझं संशोधन मैत्रिणीला ऐकवायची इच्छा, दुसरं काय. दोघींच्या मनगटावर रंगीत पट्टे. मीही हात पुढे केला. स्नेहाने बांधला.

आज भावांच्या गोष्टीचा शेवट सांगितला. १९६१ मध्ये त्यांनी धंदा विकला, पण पहिलं दुकान स्वतःकडे ठेवलं. मात्र त्यावर स्वतःचंच नाव लावायची सोय राहिली नाही. नाव त्या सेल्समनचं झालं होतं. दुकानाला दुसरं नाव द्यावं लागलं. सेल्समनने समोरच त्यांच्या नावाचं नवीन दुकान उघडलं आणि भावांचं बंद पडलं.

स्नेहा म्हणाली, “हाऊ मीन!”

आणि निकिताने प्रश्न विचारला. पहिला प्रश्न! फोन खाली ठेवून. म्हणाली, “पप्पा, नाव दुसऱ्याचं झालं, तर त्या भावांना खूप वाईट वाटलं असेल?”

मी सविस्तर उत्तर दिलं. करार म्हणजे काय, ट्रेडमार्क म्हणजे काय. ऑस्ट्रेलियात बर्गर किंगला स्वतःचंच नाव मिळालं नाही, तिथे वेगळ्या नावाने धंदा करावा लागला आणि तो मस्त चालला, हे उदाहरणही दिलं. सारांश सांगितला की नावात भावना आणू नये, माल महत्त्वाचा.

ती म्हणाली, “म्हणजे चालतं ना?”

म्हणालो, “अगं, अगदी चालतं.”

तिला इतकं हलकं वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळा बर्गर खाल्ला. निघताना माझा हात धरला. अभ्यासाला फळ येतंय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

सुट्टी. दोन्ही कंपन्यांच्या तुलनेचा तक्ता केला. पेठेतून लॅमिनेट करून आणला. दुकानदाराने विचारलं, “सर, फ्रँचायझी घेताय का?” नाकारलं नाही.

रविवारी निकिताला दाखवायचा.

१७ ऑगस्ट, रविवार.

निकिता आली नाही. पल्लवी आली. एकटीच.

समोर बसली. मी कॉफी आणली. वेळ चांगला जावा म्हणून तक्ता काढला. फ्राइजच्या जाडीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात म्हणाली, “अश्विन, जरा ऐकून घे.”

ऐकलं. तिची बदली बडोद्याला झाली आहे. सोमनाथचीही. दोघं लग्न करतायत. गणपती झाले की जाणार. निकिताची शाळा तिकडे बघून झाली आहे.

म्हणालो, “बडोद्यात दोन्ही बर्गर मिळत असतील.”

तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली की नवीन शाळेत निकिताला बोरस्ते लावायचं नाहीये, सोमनाथचं देवरे लावायचंय. “मी सुचवलं नाही रे. तिनेच विचारलं. तुला विचारायची तिला भीती वाटत होती. पण मागच्या वेळी तू स्वतःच तिला म्हणालास म्हणे, चालतं म्हणून.”

मी म्हणालो, हो, आमचं बोलणं झालंय त्यावर.

तिने विचारलं, खरंच चालेल ना? म्हणालो, सही कुठे करायची तेवढं सांग.

नाव म्हणजे कागदोपत्री बाब आहे. आईचं एक, मुलीचं एक असलं की शाळेत गोंधळ होतो. त्यात एवढं काही नाही. त्या दिवशी तिने विचारलं होतं ते भावांविषयीच होतं.

असेल.

१८ ऑगस्ट, सोमवार.

रजा टाकली. पोट बिघडलं. बाहेरचं खाणं.

३१ ऑगस्ट, रविवार.

शेवटची भेट. शेवटची म्हणजे नाशिकमधली. मॉलमध्ये गणपती बसलाय. ढोल चालू होते, त्यामुळे बोलायला जरा ओरडावं लागत होतं.

मी तक्ता आणला होता. अंतिम निकाल आज जाहीर करायचा होता. निकिताने तो हातात घेतला, नीट बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाली, “पप्पा, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोल की.”

“तुम्ही मला कधीच काही विचारत नाही.”

म्हणालो, “विचार ना. काय विचारायचंय? ऑस्ट्रेलियाचं राहिलं का?”

“तसं नाही. तुम्ही. मला.”

ढोल थांबले होते. मी बराच विचार केला. डोक्यात १९४०, १९५३ असं सगळं येत होतं. बाकी काही येईना. शेवटी विचारलं, “आठवीचा अभ्यास कसा चाललाय?”

ती म्हणाली, “नववी.”

रागाने नाही. अगदी हळू, समोरच्याला लागू नये अशा आवाजात. मग माझ्या प्लेटमधले फ्राइज खात बसली. मीही खाल्ले. खाली गाडी आली तेव्हा वाकून माझ्या पाया पडली. हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही. आमच्याकडे तिने कधी केलं नव्हतं. सोमनाथने गाडीतून उतरून मला नमस्कार केला. माणूस सभ्य आहे. त्याच्यात काही खोट काढावी असं खूप मनात आणलं.

७ सप्टेंबर, रविवार.

संकल्प: निकिताला दर रविवारी फोन करायचा. तिच्याबद्दल विचारायचं. बर्गरचं एक अक्षर काढायचं नाही.

आज प्रवासात असतील. पुढच्या रविवारपासून.

१४ सप्टेंबर, रविवार.

नवीन घर, सामान लावत असतील. कशाला मध्ये लुडबुड.

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

केला.

तिनेच उचलला. मी ठरवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, “जेवलीस का?”

हो म्हणाली. सोमनाथकाकांनी खिचडी केली होती, कढी पण. ते रविवारी स्वयंपाक करतात. शाळा चांगली आहे. गुजराती अजून जमत नाही, पण बाकावर शेजारी बसते ती मुलगी शिकवते. तिचं नाव सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. पावसात सायकलवरून पडली होती, गुडघ्याला लागलं, आता बरं आहे. ती बोलत होती. मी ‘हो’, ‘हो’ करत होतो.

मग ती थांबली. मला काहीतरी विचारायचं होतं, पण गुडघा उजवा की डावा एवढंच सुचलं. उजवा.

“पप्पा, तुम्ही काय जेवलात?”

म्हणालो, पोळी, बटाट्याची भाजी, आमटी, भात.

“एवढं सगळं तुम्ही केलं?” खूश झाली. म्हणाली, छान. म्हणाली, ठेवते, मम्मी बोलावतेय.

खोटं बोललो. दुपारी काहीच केलं नव्हतं. आत्ताही केलेलं नाही.