अगदालमधलं फळ

रबात, मंगळवार

इम्मा, माझ्या आई, तुझ्या कपाळावर ओठ टेकवून लिहिते. इज्जा वहिनी, तिला सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू दिलेलं आर्गनचं तेल संपत आलंय. बिया फोडताना तुझं मनगट अजून दुखतं का?

उद्या विद्यापीठात माझा प्रबंध मांडायचा आहे. पत्र पोचेल तेव्हा ते होऊनही गेलेलं असेल. कंपन्या जंगल राखल्याचं अहवालात लिहितात, ते खरं किती, हे मी तपासलं. आपलं तेल घेणाऱ्या कंपनीच्या अहवालात तुझा हसरा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'कंपनीच्या योजनेनुसार उन्हाळ्यात जंगल बंद असतं.' म्हणजे आपला अगदाल, इम्मा. आर्गनची फळं पिकेपर्यंत जंगलात पाऊल टाकायचं नाही, हा पणजीच्याही आधीचा गावाचा नेम. संमती म्हणून तुझा अंगठा जोडलाय. तो कागद तुला कोणी वाचून दाखवला होता का?

माझे सर म्हणाले, "अगदाल हा एक शब्द गाळ, बाई. उद्या कंपनीची माणसं समोर बसणार आहेत. त्यांनी तेल घेणं थांबवलं तर तुझ्या गावच्या बायका काय फोडतील, तुझं डोकं?"

लहानपणी अगदाल चालू असताना मी जंगलात पडलेलं एक फळ उचललं होतं. तू भर उन्हात मला परत नेलंस आणि ते त्याच झाडाखाली ठेवायला लावलंस.

शब्द मी गाळलेला नाही.

वहिनी, कंपनीचं कोणी घरी आलं तर चहा दे. इम्माचा अंगठा देऊ नकोस.

तुझीच,
तिलीला