निर्माल्यातल्या काचा

आई, तुम्ही गेल्यापासून या घरात दुसऱ्याच्या कचऱ्यात डोकावणारं कोणी उरलं नव्हतं. आता मी आहे. तुम्ही मागच्या उकिरड्यावर काठी घेऊन उभ्या राहायच्या आणि आपल्या खड्ड्यात कोणाच्या घरचं काय येऊन पडलं ते उकरून बघायच्या. मी नवी नवरी, लाजेने आत पळायची. "लाजतेस काहून वो बाई? केर पायला का मले समजते, कोनाच्या घरी काय चालू हाये," असं तुमचं म्हणणं. कोंबडीची पिसं दिसली, म्हणजे समोरच्या घरी पाहुणे आले आणि आपल्याला कळवलं नाही. मग चार दिवस तुमचा त्यांच्याशी अबोला. घरात साखर कमी झाली तरी तुमची नजर आधी माझ्याकडेच वळायची, हेही मी विसरलेले नाही.

तुमची ही सून आता गावाची सरपंच आहे. हसू नका. जागा खुली निघाली, तरी उभी राहिले आणि समोरच्या घरच्या भाऊजींना पाडून निवडून आले. घरोघरचे उकिरडे बुजवायला लावले, बोडीच्या पाळीजवळ, तळ्याकाठी, खताची शेड बांधली. सकाळी घंटागाडी येते, ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. ओल्याचं खत होतं आणि उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत जातं. धान पिकवणाऱ्या माणसाला त्याचा उकिरडा सोडायला सांगणं किती अवघड, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लोकांनी तो माझ्या शब्दावर सोडला.

आणि यंदाच्या रोवणीत रोपं लावताना चिखलातल्या काचेने एका बाईचा पाय चिरला. टाके पडले. पुढे दुसऱ्याच्या बांधीत दुसरीचा. दोन्हीकडे शेडचंच खत पडलेलं. "सरपंचबाईचं खत जिथं पडलं, तिथं आमी पाय नाई टाकत," असं रोवणीच्या बायांनी तोंडावर सांगितलं. भाऊजींनी लगेच ग्रामसभेत विषय लावला, शेड बंद करा, जुने उकिरडे परत द्या. उकिरडे परत आले की पिशव्या आणि पुड्या पुन्हा बोडीत जाणार, जिथे गावाची गुरं पाणी पितात. मला ते नको होतं. खरं सांगायचं तर मला हरायचंही नव्हतं, तेही त्यांच्याकडून.

माझा संशय सरळ समोरच्या घरावर गेला. भाऊजी संध्याकाळी बसतात, बाटल्या फुटतात, वहिनी मुद्दाम हिरव्या बादलीत टाकत असणार. दुसरं कोण करणार? मी घंटागाडीबरोबर चालायला लागले. गाडीवाला विचारतो, "मॅडम, रोज वहिनीचीच बादली काहून पायता?" मी म्हणते, तपासणी आहे. कोबीची पानं, भाताची पेज, चहाचा चोथा. काच नाही. मग वाटलं, मी येते म्हणून त्या आधीच काढून ठेवतात. तुम्हीही हेच म्हणाला असता.

शेवटी शेडमध्ये बसून खत स्वतः चाळलं. चाळणीत राहिल्या त्या बाटलीच्या काचा नव्हत्या. पातळ, वाकलेल्या, हिरव्या आणि लाल. अड्याळच्या बाजारातल्या बांगड्या. बांगडी वाढली तर तिचे तुकडे केरात टाकायचे नाहीत, देवाच्या फुलांत ठेवायचे, हे तुम्हीच मला शिकवलं आणि प्रत्येकीला तिच्या सासूने. ती फुलं पूर्वी तुळशीला नाहीतर बोडीत जायची. ती ओल्या कचऱ्यात द्या, असं गावभर भोंग्यावरून सांगणारी मी. बायांनी ऐकलं. आमच्या घरची हिरवी बादलीही त्यात आलीच.

बाबा गेले तो दिवस त्या चाळणीपाशी आठवला. बायांनी तुमच्या बांगड्या फोडल्या आणि तुम्ही, ज्या साखरेच्या डब्यालाही माझा हात लागू द्यायच्या नाहीत, त्या मला जवळ ओढून म्हणता आहात, "तुकडे तू उचल. दुसरीच्या हाती नोको देऊ." मी ते पदरात घेतले आणि तुळशीच्या बुडाशी पुरले. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तसं तुम्ही पुन्हा कधी दाखवलं नाही, पण मला ते जन्मभर पुरलं.

ग्रामसभेत मी चाळणीच पुढे धरली आणि सगळं सांगितलं. बायांनी ओळखलं, माना खाली गेल्या. तेवढ्यात समोरच्या वहिनी उठल्या. "मंग इतके दिवस माह्याच बादलीत काय पाहून राहिल्या होत्या तुमी?" सगळी सभा हसली. मीही हसले, आणि कान तापले. ठरलं असं की शेड राहील, खत चाळूनच वाटायचं, आणि बांगड्यांसाठी देवळाच्या पारावर झाकणाचा डबा ठेवायचा. पहिले तुकडे वहिनींनीच आणून टाकले. मला दाखवून टाकले, असा मला संशय आहे.

हे पत्र नियमाप्रमाणे निळ्या बादलीत जायला हवं. पण हल्ली घंटागाडी आली की वहिनी दारात येऊन माझ्या बादल्यांकडे बघतात, म्हणून ते घडी करून तांदळाच्या कोठीत ठेवते आहे. आणखी एक, कोणाला कळणार नाही म्हणून सांगते. परवा भांडी घासताना माझी बांगडी वाढली. पारापर्यंत गेले, डब्याचं झाकण उघडलं आणि परत आले. तुकडे तुळशीच्या बुडाशी पुरले, तुमच्या शेजारी.