पुन्हा ओतलेले ठोकळे

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा त्या मुलाने लॅबमध्ये माझ्या हातातली थापी काढून घेतली! "राहू द्या ताई, मी करतो. तुम्ही बसा." बसा काय बसा! बसायचंच होतं तर घरी सोफा आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी इंजिनियरिंगला प्रवेश घेतला तो स्टुलावर बसून दुसऱ्याचं काँक्रीट बघायला नव्हे.

कॉलेजची योजना तर मोठी छान. ज्यांच्या घरात आधी कुणी इंजिनियर झालं नाही, ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांना पदवीच्या वर्षांतच संशोधनाला लावायचं. प्रत्येकाला एक मार्गदर्शक. मला मिळाला हा पीएचडी करणारा मुलगा, वय सव्वीस. मी त्याचं नाव ठेवलंय सभ्यमूर्ती. मी आत आले की उठून उभा राहतो!

त्याच्याच हाताखाली दुसरी एक आहे, माझ्या वर्गातली, एकोणीसची. अखंड बडबड, म्हणून ती पोपट. तिला मात्र — "हे काय केलंस? डोकं घरी ठेवून आलीस का? पुन्हा कर!" ती तोंड वाकडं करते, पुन्हा करते, आणि शिकते. माझ्या वाट्याला नुसतं "छान, छान".

१२ फेब्रुवारी

दिवसभर "छान, छान". बालवाडीतली चित्रं बघतोय जणू.

१७ फेब्रुवारी

शेवटी सरळ सरांकडे गेले. लॅब त्यांची. म्हटलं, मला माझ्या हाताने काम करायचंय. मार्चअखेर प्रत्येकाने समितीपुढे आपलं काम मांडायचं, आणि त्यावरून ठरणार पुढच्या वर्षी लॅबमध्ये कोण राहणार. मला ती जागा हवी. हवीच! एवढी वर्षं दुसऱ्यांचे डबे भरण्यात गेली, आता हे माझं.

सर म्हणाले, "मग ओता की! अडवलंय कोणी?" सभ्यमूर्ती बुटांकडे बघत होता.

ठोकळे ओतले! सिमेंट कमी करून भट्टीची राख घातली. तसं काँक्रीट किती दाब सोसतं, हाच माझा प्रश्न. मिश्रण साच्यात भरायचं आणि सळईने ठोकत राहायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते. खांदे भरून आलेत, पेन धरवत नाहीये. पण एकदाही कुणी "राहू द्या" म्हणालं नाही.

१८ फेब्रुवारी

साचे उघडायला धावत गेले, तर सभ्यमूर्ती म्हणे, "थंडी आहे ताई, अजून एक दिवस राहू द्या." बरं बाबा. राहू दिले.

१९ फेब्रुवारी

उघडले! काय गुळगुळीत ठोकळे! एक भोक नाही, कोपरे कसे धारदार. तो "छान" म्हणाला आणि आज पहिल्यांदा मला ते पटलं. पाण्याच्या टाकीत सोडले. आता चार आठवडे मुरायचे.

१९ मार्च

आज मशीनखाली फोडले. वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त दाब सोसला! मी लॅबमध्येच टाळ्या वाजवल्या. वेडी बाई म्हणाले असतील. म्हणोत!

घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "अभिनंदन. भाजीत मीठ नाहीये." लेक म्हणाली, "आई, समितीच्या पोस्टरवरचा तक्ता तिरका चिकटलाय." घरात एक माणूस माझी चूक सोडेल तर शपथ.

२१ मार्च, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेलीये.

पोपट डबा खाता खाता सहज बोलून गेली. "काकू, तुमचं बरं आहे! तुमचे बिघडले तर दादा गुपचूप पुन्हा ओततो. मला मात्र शिव्या." मी म्हटलं, काय बिघडले? ती एकदम गप्प. ती गप्प झाली म्हणजे काय ते कळलंच.

थंडी-बिंडी काही नव्हती! सभ्यमूर्तीने त्या दिवशी सकाळी लवकर येऊन माझे ठोकळे काढले होते. भोकंच भोकं. मग त्याच साच्यांत स्वतःच्या हाताने दुसरे ओतून ठेवले. मी ज्याला टाळ्या वाजवल्या ते त्याचं काम!

तशीच जाऊन त्याला गाठलं. पोपट सांगून बसली म्हणून की काय, त्याने लगेच कबूल केलं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अरे, मग वाटू दे की! माझं वाईट मी बघते!"

"तुम्ही वयाने मोठ्या. तुम्हाला 'चुकलं' कसं म्हणू?"

"आईला म्हणत नाहीस?"

"नाही," म्हणाला. "आईच्या हातचं खारट झालं तरी मी खातो."

राग तर इतका आला होता, आणि तो तिथे उभा, अगदी रडकुंडीला आलेला. मलाच कळेना कानफटीत द्यावी की पाणी द्यावं. विचारलं, माझे ठोकळे कुठे? मागच्या टाकीत, ताडपत्रीखाली. "टाकवले नाहीत," म्हणाला.

२४ मार्च

माझे फोडले. माझे, खरे. निम्मासुद्धा दाब सोसला नाही. तुकडे हातात घेऊन बघितले. कोपऱ्यांत सळई पोचलीच नव्हती, मी आपली मधल्या मध्ये ठोकत बसले होते. एवढीशी गोष्ट! महिन्यापूर्वी कुणी एका वाक्यात सांगितली असती तर आज धडधाकट ठोकळे असते माझ्याकडे. दाणकन दार आपटून आले.

२७ मार्च

उद्या समिती. सांगावं तर पोराचं काय होईल? त्याच्या पीएचडीचं एकच वर्ष उरलंय, नोकरीसाठी सरांची शिफारस अजून हातात यायचीये. न सांगावं तर ज्या जागेसाठी एवढी धडपड केली तिथे मी दुसऱ्याच्या ठोकळ्यांवर बसणार. नवरा म्हणतो, "चांगल्या मनाने केलं ना त्याने? जाऊ दे." चांगल्या मनानेच तर वाट लागली माझी!

लेकीला विचारलं. मान वर न करता म्हणाली, "तुला ती जागा मिळाली आणि पुढच्या वर्षी परत भोकं पडली तर?"

२८ मार्च, शुक्रवार

सांगितलं. समितीपुढे सगळं सांगितलं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. म्हटलं, हे चांगले माझे नाहीत, हे वाईट माझे, आणि वाईट का झाले ते असं. कोपऱ्याचा तुकडा टेबलावर ठेवला. सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. सभ्यमूर्ती पांढराफटक.

बाहेर आल्यावर त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. तोही आला नाही.

१ एप्रिल

निकाल नाही. सभ्यमूर्ती लॅबला फिरकलेला नाही. पोपट म्हणते, सरांनी केबिनचं दार लावून त्याला झाडलं, आवाज जिन्यापर्यंत. मी सरांना विचारलं तर, "कळेल." कधी कळेल? कुणीच कसं धड बोलत नाही या इमारतीत! खरं बोलायची हौस मला, आणि फटके त्या पोराला. जागा तर गेलीच असणार. त्याचंही काही बरंवाईट झालं तर मी काय तोंड दाखवू?

२ एप्रिल

हात रिकामे बसवत नव्हते. कुणाला न विचारता नवे ठोकळे ओतले. कोपरे ठोकून ठोकून.

३ एप्रिल

सभ्यमूर्ती आला! उठून उभा राहिला नाही. माझ्या टेबलाशी येऊन साचे स्वतः उघडले, एकेक ठोकळा उलटा-पालटा करून बघितला, बोट फिरवलं, आणि सगळेच्या सगळे भंगाराच्या पिंपात टाकले. धडाधड! पोपटाने कानांवर हात ठेवले.

"कोपरे जमलेत. पण पाणी जास्त घातलंत, वर नुसता चिखल आलाय. पुन्हा ओता. आणि ताई, पुढच्या वर्षी असलं काही माझ्यासमोर आणलंत तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगतो!"

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी म्हणाला तो!