खाज, क्रीम आणि फ्लोरिडा

रविवार, १२ एप्रिल
खाज! तीही तिथे, आणि तीही ऐन चर्चमध्ये! पाद्री पापांबद्दल बोलत होता आणि मी बाकावर बूड घासत होते. लोकांना वाटलं असेल, आइलाला आज प्रवचन फारच लागलं. त्रेसष्ट वय झालं, नवरा जाऊनही वर्षं झाली. आता हे काय नवीन?

सोमवार, १३ एप्रिल
हेल्वीला फोन केला. माझ्या या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण दुसरं सांगणार कुणाला? म्हणाली, "दही लाव."
"कुठलं?"
"साधं गं! स्ट्रॉबेरीचं लावू नकोस म्हणजे झालं." मग आवाज खाली आणून — "तुझा टाउनो हिवाळाभर फ्लोरिडात होता ना? एकटाच?"
एकटाच. दरवर्षी जातो, गुडघ्यांना तिथलं ऊन मानवतं म्हणे. एरवी दर शनिवारी मी त्याच्याकडे — आधी सॉनाच्या खोलीत गरम वाफ, मग माशाचं सूप, मग जे काय व्हायचं ते. गेल्या महिन्यात परतला तो लालबुंद होऊन. मी आपली खूश!
दही लावलं. थंडगार. खाज तशीच, वर स्वयंपाकघराचा वास.

बुधवार, १५ एप्रिल
टाउनोला फोनवर विचारलं, "फ्लोरिडाहून काय घेऊन आलास?"
"संत्री."
"आणखी?"
मग मी जी सुटले! कुठे आग पेटलीय, कशी पेटलीय, सगळं सांगितलं. शनिवारी येणार नाही म्हटलं. कधीच नाही! तो चकार शब्द बोलला नाही. तसा तो एरवीही मोजकंच बोलतो.
फोन ठेवून रडले. मला तो हवा आहे. या वयात असं लिहायची लाज वाटते, पण हवा आहे.

गुरुवार, १६ एप्रिल
फार्मसीत गेले. काउंटरवर कोरिन — आमच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, संघातली. बर्फावर ओरडायची सवय तिची दुकानातही सुटत नाही. "योनीतल्या बुरशीचं औषध? क्रीम हवं की गोळी?" मागे एक म्हातारा खोकत उभा होता. खोकायचा थांबला!
मग तिनं मला बाजूला घेऊन हळू विचारलं, "पहिल्यांदाच झालंय? मग तुझ्या वयात आधी डॉक्टर. एवढ्यात नवीन गोळी कुठली चालू केलीस?"
मधुमेहाची बदलून दिली होती मार्चमध्ये. नाव सांगितलं.
"अगं बाई, ती लघवीतून साखर बाहेर काढते! बुरशीची चंगळच की!"
"म्हणजे टाउनो —"
"त्याचा काय संबंध?"
जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सोमवार, २० एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना घेतला. बुरशीच. मधुमेहाची गोळी मनानं बंद करायची नाही, ते त्या बघतील. क्रीम आठवडाभर, झोपताना. टाउनोला फोन करायचा धीर झाला नाही.

मंगळवार, २१ एप्रिल
नळीत क्रीम भरायला चष्मा लागतो. नळी आत घालायला मात्र चष्म्याचा काही उपयोग नाही! एक पाय कमोडवर, एक हात भिंतीला. सकाळी अर्धं क्रीम चड्डीत. पण रात्री झोप लागली!

शनिवार, २५ एप्रिल
खाज गेली. तरी क्रीम संपेपर्यंत लावायचंच, कोरिननं बजावलंय.
बिचारा टाउनो! दहा दिवस झाले, त्याचा फोन नाही. निर्दोष माणसावर नको नको ते आळ घेतले मी. वेलचीचा पाव भाजलाय, त्याला आवडतो तसा. उद्या जाऊन सरळ माफी मागते.

रविवार, २६ एप्रिल
त्यानं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मार्लीननं फ्लोरिडाहून फोन केला ना तुला? मी तिला म्हटलं होतं, मीच सांगेन म्हणून."
पाव घेऊन परत फिरले. अर्धा गाडीतच खाल्ला, रडत.