विहिरीत पडलेल्या डांबरगोळ्या

चौल

प्रिय सौ. गोदूस,

अनेक आशीर्वाद. टोरांटोला बर्फ कितपत आहे, तुझा गुडघा काय म्हणतो, आपली लेक श्रद्धा आणि तिचं बाळ कशी आहेत ते सविस्तर कळव. मी ठणठणीत आहे. (विहीरही आता बरी आहे.)

झालं असं की, तुझी ट्रंक उघडली तर नुसता डांबरगोळ्यांचा वास. पाच महिन्यांत तुझा वास पार गेला. म्हणून साड्या उन्हात घातल्या आणि गोळ्या फेकायला निघालो, तर रहाटापाशी पुडी फाटून अकरा गोळ्या विहिरीत! शेजारच्या चंद्राबाईही तेच पाणी पितात, म्हणून धावत जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, गोळी इरघळत न्हाय. काढा नि प्या." चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे कसं सोसावं? (तोवर दोन्ही घरांचं पाणी मी देवळाच्या नळावरून वाहिलं.)

या गोळ्या म्हणजे पॅरा-डायक्लोरोबेंझीन, तसं पुडीवरच छापलंय. ते पाण्यात किती विरघळतं ते मोजायचं ठरवलं. उरलेल्या दोन गोळ्या सोनाराकडून तोलून आणल्या. (त्याने हॉलमार्क विचारला.) एक बुचाच्या बाटलीत पाण्यात सोडली, दुसरी तुलनेसाठी बशीत. रोज सकाळी बाटली हलवताना तिच्याशी चार शब्द बोलायचो. आठ दिवसांनी पाहतो तो पाण्यातली जेमतेम घटलेली आणि बशीतली कोरडीच जास्त झिजलेली! हवेत उडून जाणारी वस्तू मी वजनावर मोजत होतो. नुसतं बसून झिजणं मला ओळखीचं असूनही लक्षात आलं नाही.

शेवटी मुरुडच्या शारिकला बोलावलं. माझा जुना विद्यार्थी, आता प्रयोगशाळेत असतो. "सर, हे उडतं, तुम्हीच शिकवलं होतं," म्हणाला. त्याने बाटलीतलं पाणी गाळून नेलं आणि यंत्रावर मोजलं. लिटरला ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास. थोडंच, पण विरघळतं! विहिरीच्या पाण्यातही सापडलं. मग जाळीने गोळ्या काढल्या, पंप लावून विहीर दोनदा उपसली, तेव्हा नमुना स्वच्छ आला.

ऐटीत जाऊन चंद्राबाईंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं. पर वैनी कवा येनार?" त्याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

तुझा,
शरच्चंद्र

ता. क. : श्रद्धा म्हणते, तुझा मुक्काम तीन महिने वाढवावा. खुशाल वाढव. माझं इथे उत्तम चाललंय.

ता. क. २ : वरचा ता. क. तिला वाचून दाखव. तू मात्र ठरल्या दिवशी ये. मांडव्याला कुठल्या बोटीने उतरणार तेवढं कळव. दुपारची असली तरी मी सकाळीच जेटीवर येऊन बसेन.